पाठमोरी फुलं

घरामागच्या मोकळ्या जागेत काय लावायचं, यावरून ड्रायव्हरकाकांची आणि त्यांच्या सुनेची वर्षभर धुसफूस चालली होती. काकांचं म्हणणं सरळ होतं. माती आहे, पाणी आहे, तर वांगी लावा, घेवडा लावा, कुणाच्या तरी पोटात जाईल असं काहीतरी लावा. सूनबाईचं म्हणणं त्याहूनही सरळ होतं, कारण ती काही म्हणतच नव्हती. ती नुसती कुंड्या आणत होती. आज एक, उद्या एक असं करत काकांच्या लक्षात येईपर्यंत मागच्या पायरीवर पाय ठेवायला जागा उरली नव्हती.

“एवढ्या पाकळ्या खाणार कोण?” काका विचारायचे.

“डोळे खातील की, बाबा,” ती म्हणायची आणि चहाचा कप पुढे करायची. कप हातात आला की काकांचा आवाज आपोआप खाली यायचा.

काकांनी सगळी हयात शहरबसच्या स्टिअरिंगमागे काढली होती आणि निवृत्तीला अजून अवकाश होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलता एक मुलगा मालवाहू जहाजावर, म्हणजे असून नसल्यासारखा. घरात सासरा आणि सून, आणि दोघांच्या मध्ये कुंड्या. दोघांचं वाकडं होतं असं मुळीच नाही, पण सूत जुळलं होतं असंही म्हणता आलं नसतं. काका जेवताना ताटाकडे बघत, बातम्या चालू असताना टीव्हीकडे बघत आणि उरलेला दिवसभर रस्त्याकडे. त्यांना आपल्याबद्दल माया आहे की नाही, हे सुनेला अजून कळलं नव्हतं. खरं सांगायचं तर काकांनाही ते कुणाला कळावं म्हणून कधी धडपड करावीशी वाटली नव्हती.

मग घरात बाळाची चाहूल लागली. सूनबाईने बिया पेरल्या त्या अगदी हिशेबाने. वसंतात बाळ घरी येईल, तेव्हा मागचं अंगण फुललेलं पाहिजे, असा तिचा बेत. काकांनी मान हलवली. घेवड्याचा विषय त्यांनी पुढच्या वर्षावर ढकलला.

पण बाळाला कुठला दम निघतोय! ते दोन महिने आधीच निघालं. भल्या सकाळी अँब्युलन्स दारात आली, शेजारीपाजारी गोळा झाले, आणि स्ट्रेचरवरून नेताना, कळा सोसत, घामाघूम झालेली सूनबाई ओरडली ती एवढंच: “बाबा, रोपांना पाणी घाला!”

काका बघतच राहिले. इथे जिवावर बेतलंय आणि हिला रोपं सुचतायत! क्षणभर त्यांना रागच आला. नंतर दवाखान्याच्या बाकावर तासन् तास बसल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घटकेला दुसऱ्याच्या हाती सोपवता येईल असं तिच्याजवळ तेवढंच होतं.

मुलगी झाली. केवढी झाली हे सांगताना सिस्टरनी नुसता आपला तळहात पुढे केला. बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. त्या खोलीत फक्त आईबापांना सोडत. बाप समुद्रावर आणि आजोबा नियमात बसेनात.

“मी लांबून बघतो. दारातूनच,” काका म्हणाले.

“दारातूनसुद्धा नाही,” सिस्टर म्हणाल्या. बाई वाईट नव्हत्या, पण त्यांना ‘नाही’ म्हणायचा सराव दांडगा होता.

डॉक्टरीणबाईंनी मात्र नीट समजावून सांगितलं. “वजन भरू दे, श्वास तिचा तिला घेता येऊ दे. मग तिला पेटीतून काढून आईच्या मांडीवर देऊ. मांडीवर दिली की समजा, मोठा घाट ओलांडला.”

“कधी देणार?”

“ते नाही सांगता येत.”

काकांनी आयुष्यभर वेळापत्रक समोर चिकटवून गाडी हाकली होती. कुठल्या थांब्यावर कधी पोचायचं हे त्यांना झोपेतही ठाऊक. ‘नाही सांगता येत’ या नावाचा थांबा त्यांच्या रूटवर कधी लागलाच नव्हता.

दिवस जाऊ लागले. सूनबाई दवाखान्यातच बाळांच्या आयांच्या खोलीत राहायची. दुपारी थोडा वेळ दरवाजाजवळच्या बाकावर यायची, काकांनी आणलेला डबा उघडायची, दोन घास चिवडायची आणि झाकण लावायची. विचारावं ते काका विचारत. उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’, मधलं काही नाही. एकदा काका म्हणाले, “बाजारात छोटे फ्रॉक आलेत. आणू का एखादा?” ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “आत्ता नको, बाबा.” काकांनी तो विषय पुन्हा काढला नाही. नावाचा विषयही कुणी काढत नव्हतं. जहाजावरून मुलाचा फोन यायचा, अर्धा ऐकू यायचा, अर्धा वाऱ्यावर जायचा. काका त्याला सांगायचे, “बघतायत डॉक्टर. तू जेवत जा वेळेवर.” दुसरं सांगणार काय, कपाळ?

आता फुलांचं ऐका.

काका रोपांना पाणी घालत होते ते सांगितलेलं काम म्हणून. घातलं पाणी, ठेवली बादली, निघाले डेपोला. असं चाललेलं असताना एका सकाळी त्यांनी मागचं दार उघडलं आणि ते उंबऱ्यावरच थबकले. रात्रीतून कुणी येऊन अंगण रंगवून गेलं की काय, असं वाटलं त्यांना. पिवळी, केशरी, पांढरी, जांभळी. डेझी टाचा उंचावून उभ्या होत्या. पॅन्सीची तर तोंडंच उमटली होती, डोळे-मिशांसकट. काकांना त्यांची नावं ठाऊक नव्हती, पण तोंडं ओळखीची वाटली. पहिल्या फेरीला बसच्या आरशात प्रवाशांची दिसतात ना, अर्धवट झोपेतली, भांग पाडलेली, डबा सांभाळणारी, तश्शीच! त्यातलं एक जांभळं, पिवळ्या मिशीचं आणि कपाळावर आठ्या घातलेलं फूल तर थेट पोस्टाच्या थांब्यावर चढणाऱ्या हेडमास्तरांसारखं होतं. हे निवृत्त हेडमास्तर बसला जरा उशीर झाला की चढता चढता घड्याळ दाखवायचे.

काका एकदम मोठ्याने हसले. रिकाम्या घरात ते हसू इतकं अनोळखी वाटलं की त्यांनी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं. मग चहा घेऊन ते पायरीवरच बसले. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं जरा सैल झालं होतं. बाळाची काळजी होती तशीच होती, पण तिच्या शेजारी आता आणखी काहीतरी येऊन बसलं होतं. डोळे खातील म्हणायची ती, तर काकांचे डोळे त्या दिवशी खरोखरच जेवले.

‘हे तिनं बघायला हवं,’ त्यांच्या मनात आलं. त्यांनी झटकन मूठभर फुलं तोडली, कागदात गुंडाळली आणि दुपारी दवाखान्यात नेली.

“फुलं आत नाहीत,” सिस्टर म्हणाल्या. “बाळांची खोली आहे ती. तिथे माती, फुलं, पानं, काही चालत नाही.”

“आणि बाहेर?”

“बाहेर तुम्ही हत्ती बांधा! माझं काय जातंय?”

काका बाहेर गेले आणि इमारतीला वळसा घालून मागे पोचले. बाळांच्या खोलीची मोठी खिडकी तिथे जमिनीच्या उघड्याबोडक्या पट्ट्याकडे तोंड करून होती. पलीकडे ठेंगणी भिंत, कोपऱ्यात मोडक्या खाटांचा ढीग. सूनबाई दिवसभर पेटीशेजारी बसून मान वर करत असेल तेव्हा तिला ही मोडकी खाटरं दिसत असणार! खिडकीच्या काचेत नुसतं आभाळ दिसत होतं. आतलं माणूस काचेला अगदी टेकून उभं राहिलं तरच बाहेरून दिसे. काकांनी गेटवरच्या पहारेकऱ्याला गाठलं, त्याने दवाखान्याच्या साहेबांना विचारलं, साहेब म्हणाले, खाटा हलवून देत असाल तर ठेवा कुंड्या. काकांनी बाह्या सरसावल्या.

प्रश्न होता कुंड्या आणायच्या कशा. शहरभर गाडी फिरवणाऱ्या या माणसाकडे स्वतःची साधी सायकलसुद्धा नव्हती. पण त्यांच्या बसचा शेवटचा थांबा दवाखान्याच्या फाटकासमोर होता, आणि तिथे गाडी जरा विसावायची. दुसऱ्या दिवशी पहिल्या फेरीला काका डेपोत आले ते दोन्ही बगलांत एकेक कुंडी घेऊन.

कंडक्टरबाई दारातच आडव्या झाल्या. त्यांच्या गळ्यातल्या शिट्टीला प्रवासी जेवढे घाबरत, त्याहून त्यांच्या भुवईला घाबरत. नियमांचं पुस्तक त्यांना तोंडपाठ होतं.

“हे काय काढलंत, काका? माती सांडणारं सामान गाडीत घ्यायचं नाही.”

“सांडणार नाही. मी मांडीवर…”

“तुम्ही मांडीवर घेऊन गाडी कशी चालवणार?”

काकांनी मग सगळं सांगितलं. ते फार बोलणारे नव्हते, त्यामुळे भराभर आणि उलटसुलट सांगितलं. बाळ, पेटी, खिडकी, खाटा. कंडक्टरबाईंची भुवई हळूहळू खाली आली. त्यांनी गाडीत डोकावून पाहिलं. हेडमास्तर अजून यायचे होते. नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली, एक गवंडी आणि खानावळीत कामाला जाणाऱ्या मावशी बसल्या होत्या.

“नियम असा आहे,” बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “की मांडीवरच्या लेकरांना तिकीट लागत नाही आणि ती सामानातही धरत नाहीत. कोण घेतंय मांडीवर?”

मावशींनी आधी हात पुढे केले. दुसरी कुंडी एका मुलीने घेतली. पुढे पोस्टाच्या थांब्यावर हेडमास्तर चढले, घड्याळ दाखवलं, आणि त्या मुलीने आपली कुंडी त्यांच्या मांडीवर सरकवली हे कळायच्या आत गाडी सुटली.

त्या दिवसापासून हा क्रमच पडला. दुपारी परतीच्या फेरीलाही बहुतेक हीच मंडळी असत. रोज कुंड्या यायच्या, रोज मांड्या मिळायच्या. गवंड्याने खाली पसरायला रिकामी गोणी आणली. मावशी कुंडीशी बोलायच्या, “बस हं नीट, खड्डा येतोय.” मिशीवाल्या फुलाची कुंडी काकांनी मुद्दाम राखून ठेवली आणि एके दिवशी हेडमास्तरांच्याच हातात दिली. आरशात ती दोन तोंडं वरखाली बघून काकांना हसू आवरेना. हेडमास्तर मात्र गंभीरपणे म्हणाले, “या फुलाच्या चेहऱ्यावर एक प्रकारची शिस्त दिसते.” कंडक्टरबाईंना ठसका लागला.

आणि उतरताना प्रत्येकजण विचारायचा, “काय, मांडीवर दिलं का?”

“नाही अजून,” काका म्हणायचे.

“देतील,” मावशी म्हणायच्या. जणू बाळ त्यांच्या खानावळीतलं गिऱ्हाईक होतं आणि पान मांडून झालं होतं.

सगळ्या कुंड्या पोचल्या तेव्हा काकांनी त्या खिडकीसमोर ओळीने मांडल्या. बुटक्या पुढे, उंच मागे. एकेक कुंडी फिरवून फिरवून प्रत्येक फुलाचं तोंड त्यांनी खिडकीकडे केलं. मागे सरून पाहिलं, परत एक कुंडी बोटभर वळवली. काम चोख झालं होतं. काचेपाशी सूनबाई येऊन उभी राहिलेली दिसली. तिने हात हलवला नाही, पण ती बराच वेळ तिथून हललीही नाही. काका गाडीकडे परतले ते जवळजवळ शीळ घालत.

दोन दिवसांनी दुपारी ती बाकावर आली, डबा उघडला आणि काकांकडे बघितलं. मग तिच्या ओठांचा कोपरा हलला.

“बाबा, एक सांगू?”

“सांग की.”

“ती फुलं आहेत ना… सगळीच्या सगळी माझ्याकडे पाठ करून बसलीत.”

“म्हणजे?”

“म्हणजे ऊन पलीकडे आहे ना, भिंतीच्या बाजूला. सगळ्यांनी माना तिकडे वळवल्यात. मला नुसत्या देठांच्या मागच्या बाजू दिसतायत. मी आपली ढुंगणं बघत बसलेय दिवसभर!”

आणि ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर हात ठेवून, मग हातही काढून. काका तोंडाचा आ करून बघत होते. त्यांच्या डोक्यात ऊन-बीन काही आलंच नव्हतं. घरी ते पायरीवर बसायचे आणि फुलं त्यांच्याकडे बघायची, तेव्हा त्यांना वाटलं होतं फुलांना पायरी आवडते!

“फिरवतो परत,” ते घाईघाईने म्हणाले.

“परत वळतील हो. ती ऐकणार थोडीच?” तिने डोळे पुसले. हसता हसता ते भरून आले होते. “असू दे. तुमचीच फुलं शोभतात. तुम्हीही तसेच. जन्मभर लोकांकडे पाठ करून बसलात.”

चेष्टेतच बोलली ती. काकांनी टोपी काढली, परत घातली.

“पाठ करून बसतो ते खरंय,” ते शेवटी म्हणाले. “पण बघत असतो, पोरी. सगळ्यांकडे बघत असतो. कोण आजारी आहे, कुणाचं भांडण झालंय, कुणाचा आज पहिला दिवस आहे कामावर. आम्हाला आरसा असतो ना.”

‘पोरी’ असं त्यांनी तिला पहिल्यांदाच म्हटलं होतं. तिने ते ऐकलं आणि डब्यातली पोळी मोडून घेतली. त्या दिवशी डबा रिकामा झाला.

काका गाडीत चढले, नेहमीप्रमाणे आरसा नीट केला आणि त्यांचा हात तिथेच थांबला. आरसा! अहो, आरसाच की! इतका वेळ डोळ्यांसमोर लटकत होता आणि दिसला नव्हता.

डेपोच्या मागे भंगारात निघालेल्या गाड्या उभ्या होत्या. फोरमन काकांचा जुना दोस्त. त्याने आधी कटकट केली, मग डेपोच्या साहेबांची परवानगी आणली, मग स्वतःच पाना घेऊन आला. लांबट आरसे, गोल आरसे, कोपरा उडालेले, चौकट गंजलेले, जे मिळतील ते दोघांनी काढले. गवंड्याने खिळे आणि सिमेंटचा गोळा आणला. आणि दवाखान्यामागच्या ठेंगण्या भिंतीवर, बरोबर खिडकीसमोर, आरशांची रांग लागली. एकीकडे खिडकी, मध्ये पाठमोरी फुलं, पलीकडे आरसे. ऊन भिंतीच्या मागून यायचं, त्यामुळे खिडकीवर तिरीप पडायचाही धोका नव्हता.

सूनबाई काचेशी आली. तिच्या समोर फुलांच्या पाठी होत्या, आणि त्यांच्या डोक्यांवरून, प्रत्येक आरशात, तोंडंच तोंडं! पिवळी, जांभळी, मिशीवाली, हसरी, रुसकी. एकेका फुलाची तीन-तीन रूपं. तिने दोन्ही हात काचेला लावले. तिच्यामागे आणखी दोन आया आल्या, त्यांच्याही मागे सिस्टर आल्या. त्या काहीतरी म्हणाल्या. काय ते काचेतून कळलं नाही, पण ते ‘नाही’ नव्हतं.

तेव्हापासून बाकावरची सूनबाई बोलू लागली. कुठल्या कुंडीतली सुकलेली फुलं खुडायची, कुठलीला पाणी कमी, सगळं सांगू लागली. “बाळाला सांगते मी रोज,” ती म्हणाली. “आज केशरी तीन उघडलीत, आज पांढरीवर मधमाशी आलीय. ऐकते हो ती. मी बोलले की पाय हलवते.” एकदा निघताना आपणहून म्हणाली, “बाबा, तो फ्रॉक… पिवळा मिळतो का बघा.” काकांनी त्याच संध्याकाळी दुकान गाठलं.

आणि नेमकं मग खिडकीला पडदा आला.

दुपारची फेरी होती. काका मागे गेले तर काचेआड पांढरा पडदा गच्च ओढलेला. बाकावर सूनबाई नव्हती. सिस्टरच बाहेर आल्या. “बाळाला ताप चढलाय. डॉक्टर आत आहेत. आई तिथून हलणार नाही.” मग जरा थांबून म्हणाल्या, “डबा द्या माझ्याकडे. मी भरवते तिला.”

काकांना काय करावं सुचेना. पाय आपोआप मागे वळले. नळाखाली बादली भरली आणि ते कुंड्यांना पाणी घालू लागले. हेच एक काम त्यांच्यावर सोपवलेलं होतं. फुलांना तापाचा पत्ता नव्हता, पडद्याचा पत्ता नव्हता. ऊन आलं होतं आणि त्यांनी तोंडं वर केली होती, बस्स. काकांना आधी त्यांचा राग आला. मग वाटलं, कुणीतरी तोंड वर करून उभं आहे हेच किती बरं आहे! ते खिडकीखाली उपड्या बादलीवर बसले आणि बायको गेल्यानंतर पहिल्यांदा रडले. आरशांतून सगळी फुलं त्यांच्याकडे बघत होती. त्यांना त्याची लाज वाटली नाही.

भानावर आले तेव्हा गाडीची वेळ केव्हाच टळून गेली होती. काका धापा टाकत फाटकाबाहेर आले. गाडी भरलेली होती आणि तापाची बातमी नर्सिंगच्या मुलींनी आधीच आत पोचवली होती. कंडक्टरबाईंनी शिट्टी हातात घट्ट धरून ठेवली होती. काकांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी मनगट पाठीमागे लपवलं.

“सावकाश या, ड्रायव्हरकाका,” ते म्हणाले. “आम्हाला कुठे जायची घाई आहे?”

ताप हटायला वेळ लागला. रोज काका पाणी घालत, सुकलेली फुलं खुडत, पडद्याकडे बघत आणि परत येत. गाडीत कुणी काही विचारत नसे. मावशी तेवढ्या उतरताना त्यांच्या खांद्याला हात लावून जात. मग एका सकाळी पडदा बाजूला झालेला दिसला. काचेमागे सूनबाई उभी होती. डोळे सुजलेले, केस पिंजारलेले, आणि अंगठा वर! काकांनी तिथल्या तिथे बादली खाली ठेवली आणि दोन्ही अंगठे वर केले. त्या दिवशी बस एकाही खड्ड्यात आपटली नाही, असं सगळे म्हणतात. खड्डे तेवढेच होते.

पुढचे दिवस फुलं नुसती उधळली. एक सुकलं की दोन उघडत. काकांना आता नावंही यायला लागली होती, पण मिशीवाल्याला ते मास्तरच म्हणत.

अशाच एका दुपारी गाडी विसाव्याला लावून काका मागे गेले. आरशांवर धूळ बसली होती. त्यांनी खांद्यावरचं फडकं काढलं आणि गाडीचा आरसा पुसतात तसा एकेक आरसा पुसू लागले. लांबट आरसा पुसून झाला. त्यात आधी फुलांची तोंडं स्पष्ट झाली, आणि त्यांच्या मागे, खिडकीची काच.

काचेला खुर्ची अगदी चिकटवून ठेवली होती. खुर्चीत सूनबाई बसली होती. आज ती फुलांकडे बघत नव्हती. तिची मान खाली होती. तिच्या मांडीवर पांढरं गाठोडं होतं, गाठोड्याच्या टोकाला टोपडं, आणि टोपड्यात एक तोंड. पॅन्सीएवढं. कपाळावर आठ्या घातलेलं.

काका वळले नाहीत. त्यांना वळायची छाती झाली नाही. वळलो आणि काचेत नुसतं आभाळच दिसलं तर? जन्मभर त्यांनी माणसं आरशातच पाहिली होती, तशी ती खरी असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी एक बोट वर केलं आणि गाडी सुरू करण्याआधी करतात तसा तो आरसा केसभर खाली वळवला. आता ती बरोबर मधोमध आली. दोन बाजूंना केशरी फुलं, वर मास्तर, आणि मध्ये नात.

सूनबाईने मान वर केली. तिला आरशात काका दिसले. तिने बाळाला अलगद उचलून काचेशी धरलं आणि बोटाने आरशातल्या काकांकडे दाखवत ती काहीतरी म्हणाली. ऐकू आलं नाही. पण ओठ सगळ्यांना वाचता येतील असा शब्द होता तो. आजोबा.

मग काका वळले. काचेपाशी गेले, आपला रापलेला हात बाहेरून काचेवर ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. त्यांच्या आयुष्यात ते कुणासमोर इतका वेळ तोंड करून उभे राहिल्याचं कुणालाच आठवत नाही.

गाडीत परतले तेव्हा सगळे खिडक्यांतून डोकी काढून बघत होते. त्यांचा चेहरा बघून कुणाला काही विचारायचा धीर होईना. काका आपल्या जागी बसले, सगळ्यांकडे पाठ करून. आरशात बघितलं. मावशी, हेडमास्तर, गवंडी, पोरी, सगळी तोंडं त्यांच्याकडे वळलेली.

“काका,” कंडक्टरबाईंनी शेवटी विचारलं, “निघायचं?”

“निघू,” काका म्हणाले. “बाई, आपल्यात एक प्रवासी वाढलाय.”

“कुठाय? चढताना दिसला नाही. तिकीट?”

“तिला तिकीट लागत नाही,” काका आरशात बघून म्हणाले. “मांडीवर आहे.”

गाडी सोडायला दोन शिट्ट्या द्यायच्या असतात, असा नियम आहे. कंडक्टरबाईंनी त्या दिवशी मोजल्या नाहीत.